ओवा : घरगुती उपयोग आणि त्याच्या मर्यादा

ओवा हे जिरे, धणे व बडीशेप यांच्याच कुळातील पीक होय. त्याचा बारीक, रेघा असलेला दाणा तळहातावर चोळला असता उग्र वास सुटतो. हा वास मुख्यतः थायमॉल या जंतुनाशक द्रव्याचा असतो. दाण्यात सुगंधी तेल साधारणपणे शेकडा २ ते ४ असते. हे तेल उडून जाणारे असल्याने ओवा उन्हात फार काळ ठेवू नये. सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.

स्वयंपाकात : भजी, शेव, थालीपीठ, तसेच वाल-पावट्याची उसळ अशा पचनास जड पदार्थांत ओवा घालण्याची जुनी रीत आहे. तो आयत्या वेळी हातावर चोळून घातल्यास स्वाद अधिक उतरतो.

औषधात : पोट फुगल्यास मोठ्या माणसाने अर्धा चहाचा चमचा ओवा चिमूटभर सैंधवासह चावून खावा व वर कोमट पाणी प्यावे. सर्दीने नाक चोंदल्यास भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगावी. ओवा उकळलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी तोंडाची दुर्गंधी कमी होते. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांवर ओव्याची धुरी देण्याची चाल मात्र सोडावी. बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठून माता व बालक दोघांच्याही जिवास धोका पोहोचतो.

नावाचा घोटाळा : कुंडीत लावतात तो जाड पानांचा पानओवा ही निराळी वनस्पती आहे. त्याच्या पानांची भजी करतात. ओव्याचे दाणे त्यापासून मिळत नाहीत. खुरासानी ओवा तर विषारी आहे. तो खाण्यात आल्यास तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात व भ्रम होतो. अशा रोग्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे.

मर्यादा : मुलास जुलाब होत असता केवळ ओव्याच्या पाण्यावर विसंबू नये. अशा वेळी शरीरातील पाणी व क्षार कमी होणे हाच खरा धोका असतो. उकळून थंड केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहावे आणि मुलास आरोग्य केंद्रात न्यावे.

ग्राम कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत ओव्याचे दाणे व पानओव्याचे पान शेजारी ठेवून फरक दाखवावा व जलसंजीवनी प्रत्यक्ष करून दाखवावी.