ऑडिओ सीडी जशीच्या तशी उतरवायची तर

प्रश्न : वडिलांकडे शास्त्रीय गायनाच्या बऱ्याच ऑडिओ सीडी आहेत. त्या लॅपटॉपवर घ्याव्यात म्हणून आतल्या फाइल डेस्कटॉपवर ओढल्या, तर प्रत्येक फाइल जेमतेम १ केबीची निघाली आणि सीडी काढल्यावर वाजेना. मग नेहमीच्या म्युझिक प्लेअरमधून ‘रिप’ केलं. गाणी आली, पण दोन-तीन ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येतो. तीच सीडी सीडी प्लेअरवर मात्र नीट वाजते. असं का व्हावं? आणि कॉपी करायला खास सॉफ्टवेअर खरंच लागतं का?

उत्तर : तुम्ही ओढून घेतलेल्या फाइलमध्ये गाणं नव्हतंच. ऑडिओ सीडीवर फाइल नावाचा प्रकार नसतो. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक ट्रॅकपुढे ४४ बाइट्सची ‘सीडीए’ फाइल दाखवतं. ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढीच नोंद तिच्यात असते.

‘टक्’ आवाजाचं मूळही ऑडिओ सीडीच्या या रचनेतच आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचं मानक ठरवलं ते घरी संगीत ऐकण्यासाठी. सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइट्सचा आणि तो सगळाच्या सगळा संगीताने भरलेला. पुढे आलेल्या डेटा सीडीत तेवढ्याच सेक्टरमध्ये फक्त २,०४८ बाइट्स माहिती ठेवतात. उरलेल्या ३०४ बाइट्समध्ये त्या सेक्टरचा पत्ता असतो आणि चुका शोधून दुरुस्त करण्याचे जादा कोड असतात. ऑडिओ सीडीलाही चूक-दुरुस्तीची व्यवस्था आहे, पण हा शेवटचा थर तिला नाही.

चरा मोठा असला की ती दुरुस्ती अपुरी पडते. मग प्लेअर मागचे-पुढचे नमुने पाहून मधला आवाज अंदाजाने भरतो आणि आपल्या कानाला बहुतेक वेळा पत्ता लागत नाही. ऐकण्यापुरतं हे उत्तम आहे. कॉपी करताना मात्र ड्राइव्हने केलेला अंदाज फाइलमध्ये कायमचा जाऊन बसतो, आणि अंदाज फसला तर ‘टक्’ ऐकू येतं. शिवाय सेक्टरला नेमका पत्ता नसल्याने, वाचन मध्ये थांबून पुन्हा सुरू झालं की काही ड्राइव्ह थोडं आधी किंवा थोडं पुढे वाचू लागतात. दोन तुकड्यांच्या सांध्यावरही तसाच आवाज येतो.

म्हणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजेच ‘ईएसी’, वापरा. जर्मनीच्या आंद्रे वीथॉफ यांनी १९९८ च्या सुमारास ते आणलं. घरगुती वापराला ते फुकट आहे. आवडलं तर एक पोस्टकार्ड पाठवा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्याच्या ‘सिक्युअर मोड’मध्ये प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत, तर १६ वेळा वाचून त्यांतली ८ सारखी येतात का ते बघितलं जातं. नाही आली, तर पुन्हा १६. अगदी हट्टी सेक्टर ८२ वेळांपर्यंत वाचला जातो. ड्राइव्ह पहिल्यांदा वाचलेलंच आपल्या कॅशेतून परत देऊन दुसरं वाचन म्हणून खपवू शकतो, त्याचाही बंदोबस्त यात आहे. वेळ लागतो, पण लागू द्या.

मला स्वतःला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती शेवटी मिळणारी लॉग फाइल. आपली कॉपी बरोबर आहे हे कानाने ठरवता येत नाही. इथे ते लिहून मिळतं. ‘ॲक्युरेटरिप’ या सामायिक नोंदवहीत जगभरच्या लोकांनी त्याच सीडीवरून काढलेले पडताळणीचे आकडे असतात. तुमचा आकडा त्यांच्याशी जुळला, की वेगवेगळ्या घरांतल्या वेगवेगळ्या ड्राइव्हनी तंतोतंत तेच वाचलं हे सिद्ध झालं. एखादी सीडी, विशेषतः छोट्या कंपनीची, त्या वहीत नसेल. तेव्हा ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वाचनांचे पडताळणीचे आकडे (सीआरसी) लॉगमध्ये एकाखाली एक दिसतात. ते सारखे असले की निर्धास्त व्हा. ‘सस्पिशस पोझिशन’ असा शेरा दिसला, तर त्यापुढे दिलेल्या मिनिट-सेकंदाला जाऊन ऐका. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. तरीही जमलं नाही तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा. एकाला न वाचता आलेला भाग कधी कधी दुसरा बिनबोभाट वाचतो.

फाइल ‘फ्लॅक’मध्ये ठेवा. मूळ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतो. फ्लॅक ती बरीच कमी करतं आणि एक बिटही गमावत नाही. तुमच्या संग्रहासाठी याला आणखी एक कारण आहे. विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्यावर, मध्ये तबला चालूच, अशा सीडी पुष्कळ असतात. एमपी३ बनवताना ट्रॅकच्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते आणि नेमका समेच्या आसपास ठेका तुटू शकतो. फ्लॅकमध्ये सांधा अखंड राहतो.

ईएसी विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांनी ‘एक्सएलडी’ घ्यावं, लिनक्सवाल्यांनी ‘व्हिपर’.

आणि सुरुवात वडिलांनी घरी किंवा कुणाकडून ‘राइट’ करून घेतलेल्या सीडींपासून करा. त्यांतली माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने खराब होतो. दुकानातून आणलेल्या छापील सीडी त्या मानाने दमदार, फक्त त्यांची नाव छापलेली बाजू सांभाळा. माहितीचा थर त्या बाजूला पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. तिथला ओरखडा खालच्या चकचकीत बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान करतो.