सांथीचा फैलाव कसा मोजतात ?

गेल्या महामारीच्या दिवसांत रोज सायंकाळीं करोनाच्या रोग्यांचा आंकडा जाहीर होत असे. तो ऐकून कोणी धास्तावे, तर कोणी निर्धास्त होई. परंतु तो आंकडा नेमका कशाचा, हा विचार थोड्यांनींच केला असेल. जे तपासणीस गेले व ज्यांची तपासणी होऊं शकली, त्यांपैकीं रोगी ठरलेल्यांचाच तो आंकडा. ज्यांस रोग होऊन गेला पण अंगांत कणकणहि आली नाहीं, ते बहुधा त्यांत नव्हतेच. बाजारसमितींत आलेलीं पोतीं मोजून गांवांत धान्य किती पिकलें हें सांगावें, तसाच हा प्रकार. घरच्या कणगींत राहिलेलें धान्य त्या हिशेबांत येत नाहीं.

मग खरा फैलाव कळावा कसा ? रोगाचा विषाणु शरीरांत शिरला म्हणजे त्याच्याशीं झुंजण्याकरितां रक्तांत कांहीं द्रव्यें तयार होतात. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. रोग गेल्यावरहि तीं कांहीं महिने टिकतात. पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहावी, तशी ही खूण होय. नाक व घसा यांतील स्रावाच्या तपासणीनें रोग आज आहे काय हें कळतें. रक्तांतील या खुणेवरून तो पूर्वीं येऊन गेला काय हें कळतें.

सर्वांचें रक्त तपासणें शक्य नाहीं. तेथें आपल्या ओळखीची पीक-कापणीची रीत उपयोगी पडते. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत ही रीत शास्त्रशुद्ध पायावर आणिली. सर्व शेत कापावयाचें नाहीं. चिठ्ठी टाकल्याप्रमाणें जो तुकडा निघेल तोच कापावयाचा. भाताचा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद धरतात. आपल्या पसंतीस तेथें मुळींच वाव नाहीं, हेंच त्या रीतीचें बळ.

याविषयीं माझीच एक चूक सांगतों. मी नवा कारकून असतां एका गांवीं या कामास गेलों होतों. निघालेला तुकडा खाचराच्या खोलगट कोपऱ्यांत आला. तेथें पाणी सांचून दाणे पोचट राहिले होते. चिखलांत कोण उतरतो, या आळसानें आम्हीं दोरी दहा पावलें वर सरकविली. धान्य चांगलें भरलें. पुढें त्या गांवाची पैसेवारी ५० पैशांच्या वर लागली व गांवास सूट मिळाली नाहीं. सर्व दोष त्या एका दोरीचा नव्हे; परंतु तिचा वांटा त्यांत होता, हें मी कसें नाकारूं ?

आमच्या रबाळ्याच्या खाडीपलीकडे, मुंबईंत, जुलै २०२० मध्यें हीच रीत माणसांच्या बाबतींत योजिली गेली. नीति आयोग, मुंबई महानगरपालिका व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं दहिसर, चेंबूर व माटुंगा या भागांतील तीन प्रभाग घेतले. बागायत व जिरायत यांचा हिशेब आपण वेगळा ठेवतों, तसा झोपडपट्टी व इतर वस्ती यांचा हिशेब वेगळा ठेविला. झोपडपट्टींत शेंकडा ५७ व इतर वस्तींत शेंकडा १६ जणांच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं. म्हणजे रोग नोंदीपेक्षां कितीतरी पट पसरला होता. आणि लागण झालेल्यांत मरणाऱ्यांचें प्रमाण, नोंदीवरून वाटे त्याहून पुष्कळ कमी होतें. दाट वस्ती व सामाईक शौचालयें हीं फैलावाचीं संभाव्य कारणें सांगण्यांत आलीं. औद्योगिक वसाहतीलगत एकेका खोलींत दाटीनें राहणाऱ्या आमच्याकडील कामगारांस याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं.

मात्र अशा आंकड्याबाबत चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, नकाराची. मुंबईंत ८,८७० नमुने घेण्याचा संकल्प होता, मिळाले ६,९३६. नकार देणारे हे होकार देणाऱ्यांसारखेच असतील, असें धरून चालतां येत नाहीं. न मिळालेला नमुना म्हणजे सरकलेली दोरीच.

दुसरी, तपासणीच्या चुकीची. समजा, १०,००० माणसांत १०० जणांस रोग होऊन गेला आहे. तपासणी त्यांतील ९० ओळखते. परंतु रोग न झालेल्या दर शंभरांत एकास चुकून रोग होऊन गेल्याचें दाखविते. तर ९,९०० पैकीं ९९ खोटे निघतील. एकूण १८९ मध्यें निम्म्याहून अधिक खोटे! म्हणून बारदानाचें वजन वजा करावें, तसा आंकडा दुरुस्त करावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें मे-जून २०२० मध्यें ७० जिल्ह्यांत सुमारें २८,००० लोकांची पाहणी केली, तिचा दुरुस्त आंकडा शेंकडा ०.७३ होता. इतक्या लहान आंकड्यास ही वजावट फार महत्त्वाची.

तिसरी, काळाची. मुंबईच्या ऑगस्टमधील दुसऱ्या फेरींत झोपडपट्टीचा आंकडा शेंकडा ४५ आला. रोग झालेली माणसें रोग न झालेलीं होत नाहींत. परंतु भिंतीवरची रेघ कालांतरानें पुसट होते.

चौथी, भरंवशाची. मोठा आंकडा म्हणजे कवच नव्हे. २०२१ च्या वसंतांत मुंबईवर दुसरी लाट आलीच.

आतां शेतकऱ्यास याचें काय ? आपल्या गोठ्यांतहि हीच मोजणी चालते. लाळ्या-खुरकूत रोगाकरितां २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत लस टोंचण्याबरोबर रक्ताचे नमुने घेण्याचीहि योजना आहे. लशीनें आलेलीं प्रतिपिंडें व रोगानें आलेलीं प्रतिपिंडें वेगळीं ओळखणारी तपासणी आहे. तिच्या योगानें लस लागू पडली काय आणि रोग गुपचूप फिरतो काय, हीं दोन्हीं कळतात.

तेव्हां पशुवैद्यक दारीं येऊन ज्या जनावराचें रक्त मागतील, तेंच त्यांच्यापुढें बांधावें. “ती म्हैस मारकी आहे, हिचें घ्या” असें म्हणून दुसरी पुढें करूं नये. चार माणसें धरावयास लागलीं तरी चालेल. पण मारक्या म्हशीचेंहि रक्त मोजणींत आलें पाहिजे.