घटक ५ : भाषा, सीमा आणि शेजार

५.१ प्रास्ताविक

दोन भाषा शेजारी नांदू लागल्या की शब्दांची आणि रचनांची देवाणघेवाण कशी होते, हे आपण मागील घटकात पाहिले. प्रस्तुत घटकात त्याच शेजाराची दुसरी बाजू पाहावयाची आहे. भाषेच्या नावाने भूमीवर हक्क सांगितला जाऊ लागला म्हणजे शेजारी समाज एकमेकांना शत्रू कसे मानू लागतात, हा आपला प्रश्न आहे. उदाहरण घेतले आहे ते महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचे. या वादात आपल्यापैकी बहुतेकांचा पक्ष आधीच ठरलेला असेल, माझाही आहे. तो सोडून द्यावा असे नाही, मात्र तो ओळखून पुढचे विवेचन वाचावे.

५.२ शेजाराचा पुरावा

तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द मराठीने कानडीकडून घेतले. वडील भावाला आणि बहिणीला हाक मारण्याचे शब्द बाजारात मिळत नाहीत. ते घरोब्यातून येतात. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाने कोरविलेला मजकूर कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत आहे. कन्नड मुलखातला हा लेख मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत गणला जातो. तुकोबांच्या एका अभंगात कानडी बायको आणि मराठी नवरा यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. तेथे गोंधळ आहे, विनोद आहे. वैर मात्र नाही.

आधुनिक भाषाविज्ञानातील साक्ष सांगलीजवळच्या कुपवाडची आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावातील मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू बोलींचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका बोलीतील वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत उतरविता येई. शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. येथे थांबून विचार करा. व्याकरण एक झाले तरी माणसांनी भाषा वेगळ्या राखल्या, कारण प्रत्येक घराची ओळख त्या शब्दांत होती. वेगळेपण जपणे आणि वैर धरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कुपवाडइतके स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

५.३ एका माणसाची एक भाषा

मग वैर आले कोठून? भाषावार राज्ये आखताना मोजणी करावी लागते आणि मोजणीच्या रकान्यात प्रत्येकाची मातृभाषा एकच लिहिली जाते. घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणारा माणूस त्या रकान्यात अर्धाच मावतो. पुढे गावाचेही तेच होते. गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही महाराष्ट्राने आग्रहाने मांडलेली सूत्रे तर्काला धरून आहेत, पण प्रत्येक गावाचा रंग एकच असतो, हे त्यांतही गृहीत आहे.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला; तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. हीच तारीख कन्नड भाषक राज्योत्सव म्हणून साजरी करतात आणि बेळगावचे मराठी भाषक काळा दिन म्हणून पाळतात. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव म्हैसूरमध्येच राहावे असे सुचविले. महाराष्ट्राने ते अमान्य केले. २००४ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

५.४ युद्धाची शब्दकळा

दोन राज्यांमध्ये युद्ध होत नाही. पण युद्धाची भाषा वापरता येते. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी या भागाला ‘कर्नाटकव्याप्त’ म्हटले. शब्दाची घडण पाहा. ‘पाकव्याप्त काश्मीर’ या साच्यात पहिले पद तेवढे बदलले आहे. साचा उचलला की त्यातला अर्थही सोबत येतो. एका प्रजासत्ताकातील घटक राज्य त्या एका समासाने परचक्र ठरते. पलीकडे मराठी फलकांवर काळे फासणे हीदेखील अशीच भाषा आहे, फक्त ती शब्दांवाचून बोलली जाते.

अशा भाषेला माणसे ओळखण्याची सवड नसते. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबईत दंगल उसळली, तेव्हा उडुपी उपाहारगृहेही फोडली गेली. त्यांचे पुष्कळ मालक तुळू भाषक होते. ‘कानडी’ ही त्यांच्यावर बाहेरून मारलेली चिठ्ठी होती. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्हीकडे भाषा ठरली ती गाडीच्या क्रमांकावरून.

भाषा दूरच्या असल्या म्हणजे वैर वाढते, असेही नाही. सर्ब आणि क्रोआट एकमेकांचे बोलणे सहज समजतात. १९९१ पासून भूमीसाठी लढताना त्यांनी एका भाषेच्या अनेक भाषा केल्या. बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना तीनदा छापलेली असे. वाक्य तेच, फक्त एकदा लिपी वेगळी.

५.५ दोन हक्क

येथे मला एक भेद ठामपणे करावासा वाटतो. बेळगावच्या मराठी शेतकऱ्याला जमिनीचा उतारा वाचता येईल अशा भाषेत हवा असतो, मुलाला मराठी शाळा हवी असते. ही मागणी भूमीच्या मागणीहून वेगळी आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये आहे. तिच्या आधारे जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड भाषकही आपल्याकडे तेच मागू शकतात. सीमेचा निकाल लागेपर्यंत उतारा अडवून ठेवणे, अथवा उताऱ्याची तक्रार केवळ सीमेच्या लढ्याचे इंधन म्हणून वापरणे, या दोन्हींत शेतकरी तसाच राहतो.

५.६ क्षेत्रीय कार्य

बेळगाव दूर आहे असे नवघर-भाईंदरच्या विद्यार्थ्यांनी मानू नये. २०२५ मध्ये मीरा रोड येथे मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी बंद पाळला आणि ८ जुलैला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. त्या आठवड्यातील कोणत्याही दोन मराठी वृत्तपत्रांचे अंक ग्रंथालयातून मिळवा. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. या दोन सर्वनामांचे प्रयोग मोजून, प्रत्येक ठिकाणी कोण आत आणि कोण बाहेर आहे, ते लिहा. त्यानंतर नवघरच्या भाजीबाजारात अर्धा तास थांबून विक्रेता आणि गिऱ्हाईक एका व्यवहारात किती वेळा भाषा बदलतात आणि कोणत्या शब्दापाशी बदलतात, याची नोंद करा. नोंदीत कोणाचे नाव लिहू नये. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून दोनशे शब्दांचे टिपण संपर्कसत्राला येताना सोबत आणावे.