देवळातील फळ्या, देवळालीचे मास्तर आणि वजाबाकीचा पाठ

जपानात सतराव्या शतकापासून एक नवलाची प्रथा होती. तेथील देवळांच्या छपराखाली रंगीत लाकडी फळ्या टांगलेल्या असत. एखाद्याने नवस फेडावा त्याप्रमाणे त्या देवास अर्पण केलेल्या असत. परंतु फळीवर चित्र असे ते वर्तुळे, त्रिकोण यांचे, आणि खाली एक गणित मांडलेले असे. पुष्कळदा उत्तरही दिलेले असे. ते कसे काढले हे मात्र पाहणाराने शोधावयाचे. या फळ्यांना ‘सांगाकू’ म्हणत. त्या अर्पण करणारांत सामुराई होते तसेच व्यापारी व शेतकरीही होते. काही फळ्यांवर स्त्रियांची व मुलांची नावे आढळतात.

‘वासान’ या नावाने ओळखली जाणारी ही जपानी गणितपरंपरा अशा प्रश्नांवरच पोसली गेली. योशिदा मित्सुयोशी याने १६२७ मध्ये ‘जिन्कोकी’ हे मणिचौकटीवरील व्यवहारी हिशेबाचे पुस्तक लिहिले. १६४१ च्या आवृत्तीत त्याने शेवटी बारा प्रश्न उत्तरांवाचून सोडून दिले. पुढच्यांनी ते सोडवावेत आणि आपले नवे प्रश्न मागे ठेवावेत, असा क्रमच त्यामुळे पडला. १६७१ सालच्या एका ग्रंथाअखेर असेच पंधरा प्रश्न होते. ते सेकी ताकाकाझू याने १६७४ मध्ये सोडविले, आणि याच सेकीच्या नावाने पुढे या विद्येचा मोठा संप्रदाय चालला. १८७२ मध्ये सरकारने शाळांसाठी पाश्चात्य गणित स्वीकारले व वासान मागे पडले. मणिचौकट मात्र दुकानांतून आणि शाळांतूनही टिकून राहिली.

महाराष्ट्राला हे सर्वस्वी परके वाटू नये. भास्कराचार्यांची ११५० मधील ‘लीलावती’ जागोजागी मुलीस प्रश्न विचारल्याच्या थाटात लिहिलेली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा १२०७ सालचा शिलालेख पाटण येथे आहे. (हे पाटण सातारा जिल्ह्यातील नव्हे, चाळीसगावजवळचे.) अर्वाचीन काळात रँग्लर गणेश सखाराम महाजनी हे साताऱ्यात १८९८ साली जन्मले, केंब्रिजला गेले व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तो मार्ग थोड्यांनाच साधणारा होता. प्राथमिक शिक्षकाच्या अधिक जवळचे उदाहरण दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे आहे.

कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले व १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शाळामास्तर होते. वरची पदवी नाही, विद्यापीठाचा आश्रय नाही. संख्यांशी खेळणे एवढाच त्यांचा छंद. अनेक विद्वानांनी तो छंद क्षुल्लक मानला. आपली कित्येक टिपणे त्यांना स्वतःच छोट्या पुस्तिकांच्या रूपाने छापावी लागली. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण सांगितला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विख्यात मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये ते निवर्तले.

तो गुण असा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उदाहरणार्थ परिषदेचे सालच घेऊ:

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे ७६४१ − १४६७ हेही ६१७४ च. कोणत्याही संख्येस सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहीत. १९४९ ला नेमक्या सात लागल्या.

आता शाळेचा विचार करू. जत, आटपाडी किंवा पाटण, जावळी या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. एका इयत्तेस पाठ चालू असता दुसरीस उदाहरणे घालून द्यावी लागतात, आणि ती तपासण्यास सवड राहत नाही. उसने घेण्याची चूक मग वहीत तशीच राहते व पुढील इयत्तेत भागाकारापर्यंत त्रास देते. कापरेकरांची क्रिया येथे उपयोगी पडते, कारण तीत मुलास आपली चूक आपणच सापडते. प्रत्येक उत्तरास ९ ने नि:शेष भाग गेलाच पाहिजे, म्हणजे अंकांची बेरीज ९ च्या पटीत आली पाहिजे. वरील उत्तरांत ती १८ किंवा २७ आहे. कोठे १७ आली की मुलाने तीच ओळ पुन्हा करावी. शिक्षकाची वाट पाहू नये.

प्रारंभ मात्र तीन अंकी संख्यांनी करावा. तेथे शेवट ४९५ होतो आणि पडताळा अधिक सोपा आहे: मधला अंक नेहमी ९, व कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. एक दक्षता अवश्य घ्यावी. २११ − ११२ = ९९ येते; ते ०९९ असे लिहून पुढे ९९० − ०९९ करावे. शून्य गाळले तर ९९ − ९९ = ० होऊन खेळ तेथेच मोडतो. शून्याची जागा का राखावयाची, हे व्याख्यानाने पटत नाही ते या एका ओळीने पटते.

चौथीच्या हुशार मुलांस याहून पुढे नेता येते. अंक कोणतेही असोत, पहिल्या वजाबाकीचे उत्तर मोठा व लहान अंक यांच्यातील फरकाची ९९ पट असते. म्हणून उत्तरे नऊच संभवतात: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. यांतील १९८ व ८९१ यांचे अंक तेच. २९७ व ७९२, ३९६ व ६९३, ४९५ व ५९४ यांचेही तसेच. तेव्हा पाचच वजाबाक्या पाहावयाच्या उरतात:

९९० − ०९९ = ८९१
९८१ − १८९ = ७९२
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

प्रत्येक उत्तर पुढच्या ओळीत नेते. सर्व तीन अंकी संख्यांविषयीचे विधान दहा वर्षांच्या मुलांनी पाच ओळींत सिद्ध केले, असे याचा अर्थ होतो. ‘करून पाहिले, आले’ आणि ‘येणारच, कारण असे’ यांतील भेद मुलांस या वयात कळला तर पुढील भूमिती जड जात नाही.

शाळेच्या ओसरीवर सुविचाराचा फळा असतो. आठवड्यातून एक दिवस त्यावर असा प्रश्न, उत्तर न देता, लिहिण्यास हरकत नसावी. येणारीजाणारी मोठी माणसेही थांबतील. आरंभासाठी दोन प्रश्न पुढे दिले आहेत. योशिदाच्या रीतीप्रमाणे उत्तरे छापलेली नाहीत.

१. कोणत्या तीन अंकी संख्या एकाच वजाबाकीत ४९५ ला पोहोचतात, व कोणत्या संख्यांस सहा वजाबाक्या लागतात? संख्या पाहताच ओळखण्याची खूण सांगा.

२. दोन अंकी संख्या घेऊन हीच क्रिया करा (९ आल्यास ०९ लिहा). येथे शेवटी एकच संख्या मिळते काय? मिळत नसल्यास काय घडते?