चाकांवरचं घर घाटात नेण्याआधी

परतवाडा,
९ नोव्हेंबर

चि. निखिल,


तुझा बेत अक्काकडून कळला. नाताळच्या सुट्टीत गाडीमागे कॅराव्हॅन जोडून पुण्याहून निघायचं, चिखलदऱ्यावरून मेळघाटात उतरायचं आणि कोलकासला सिपनेच्या काठी घर उभं करून रात्री बाहेर खुर्च्या टाकून बसायचं. अक्का फोनवर म्हणाली, "तूच सांग बाप्पा त्याले काय सांगायचं ते, मायं काही तो आयकत नाही." तेव्हा सांगणं आलं.

बेत वाईट नाही. अक्काचे गुडघे असे, पोरगी एवढीशी, आणि रस्त्यावरच्या ढाब्यांचे संडास कसे असतात ते मी आयुष्यभर पाहिलंय. आपला पलंग, आपला संडास सोबत असला तर म्हातारं माणूस निर्धास्त प्रवास करतं. पण तू नकाशा उघडून घर कुठं कुठं नेता येईल ते पाहत बसलायस. मागे वजन जोडून डोंगरात येणाऱ्याने ते कुठं सोडून ठेवता येईल, हे आधी पाहायचं असतं. ती जागा ठरली की बाकीचा बेत तिच्याभोवती आपोआप बसतो.

कोलकासचं आत्ताच डोक्यातून काढ. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला मेळघाट एक. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथं परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मुक्कामाची गोष्ट दूरच. कोलकासला वनखात्याचं विश्रामगृह आहे. तिथली खोली मिळाली तर एक रात्र जरूर राहा, सिपना तिथं सुरेख वळण घेते. पण आपलं घर आणून नदीकाठी लावायचं आणि शेकोटी पेटवायची, हे तिथं चालत नाही. चालू नयेही. ते जंगल मुख्यतः सागाचं आणि बांबूचं, कोरडं. सागाची पानं गळायला लागली की जमिनीवर नुसती चुरचुर असते. एक ठिणगी किती लांब जाते ते इथल्या वनमजुरांना विचार.

तू म्हणशील, अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांतच अशा गाड्यांचे तळ असतात. असतात. मनूने डेन्व्हरहून फोटो पाठवलेत. प्रत्येक जागेला नंबर, ठिकठिकाणी नळ, सांडपाणी ओतायची वेगळी सोय. पण तिलाच विचार, तिच्या जवळच्या रॉकी माउंटन उद्यानात ओल्ड फॉल रिव्हर नावाचा जुना घाट आहे, त्यावर ट्रेलर जोडून जायला साफ मनाई आहे. म्हणजे तिथंही लोक घर तळावर सोडतात आणि मोकळी गाडी घेऊन डोंगर पाहतात. आपल्याकडे सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले तळ व्हावेत असं त्यात आहे. धोरण चांगलंच आहे, पण धोरणावर कोणाची चाकं उभी राहत नाहीत. आपल्याला खरी जागा हवी, आणि तिच्या मालकाचा होकार.

आता घाट. परतवाड्याहून चिखलदऱ्याला दोन वाटा. धामणगाव गढीवरून जाणारी जवळची, आणि धारणी रस्त्याने घटांगपर्यंत जाऊन डावीकडे वळणारी लांबची. मोबाइल तुला जवळची दाखवेल, कारण तुझ्या मागे काय जोडलंय ते त्याला माहीत नसतं. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे, परतवाडा पावणेचारशेच्या आसपास. हा सातशे-साडेसातशे मीटरचा चढ थोड्या अंतरात संपवायचा की जास्त अंतरात, एवढाच प्रश्न. ओझं असेल तर माझं मत लांबच्या वाटेला. वळणं तिकडेही आहेत, सरळ रस्ता समजू नकोस.

हे शहाणपण माझं एकट्याचं नाही. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांना गाविलगड घ्यायचा होता. वेलस्लीने आपला तळ किल्ल्याच्या दक्षिणेला ठेवला, आणि भिंत फोडणाऱ्या जड तोफा स्टीव्हन्सनच्या फौजेबरोबर अचलपूरहून डोंगराला वळसा घालून उत्तरेकडे पाठवल्या. वाट नव्हतीच. माणसांनी आधी रस्ता करायचा आणि मग हातांनी तोफ ओढायची, असं करत ते वर गेले. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. गड आपला गेला याचं वाईट वाटतंच, पण ओझ्याची वाट कशी निवडतात ते शत्रूकडूनही शिकावं. चिखलदऱ्याला आलास की गडावर पोरीला घेऊन जा आणि उत्तरेच्या बाजूला उभा राहून तोफा आल्या तो भाग एकदा नीट पाहा.

तू काय करायचं ते ऐक. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्काम कर. कॅराव्हॅन आमच्या वाड्यात सोडून नुसती गाडी घेऊन वर जा आणि त्याच वाटेने उतरून ये. समोरून एसटी आली तर कुठं थांबायचं, कोणत्या वळणावर मागचं चाक आत कापेल, कुठं साइडपट्टी खचलीय, हे डोळ्यांखालून घाल. पाहून आल्यावर मनात शंका राहिली तर घर वाड्यातच राहू दे आणि वर हॉटेलात खोली घे. त्यात कमीपणा काही नाही.

त्याआधी काटा. पुण्यातच एखाद्या वजनकाट्यावर जा, आधी गाडी जोडून आणि मग नुसत्या कॅराव्हॅनचा काटा करून घे, सामान भरलेलं असताना. विकणारा सांगतो ते रिकाम्या डब्याचं वजन असतं. शंभर लिटर पाण्याची टाकी भरली की शंभर किलो तिथंच वाढले. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो, लोखंड वेगळं. पाच किलोवालं घे, पुरतं. मग गाडीच्या पुस्तकात बघ, कंपनीने किती वजन ओढायला मुभा दिलीय. पुस्तकात काहीच लिहिलेलं नसेल तर त्याचा अर्थ "ओढा" असा होत नाही, कंपनीला विचार. कॅराव्हॅनची स्वतःची नोंदणी आणि विमा आहे ना, तेही पाहा. आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलासुद्धा वेगळा नंबर असतो.

सामान कसं भरायचं याकडे कोणी लक्ष देत नाही आणि घात तिथंच होतो. जड वस्तू खाली, चाकांच्या वर किंवा किंचित पुढे. कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा भार हुकावर यायला हवा. मागे जास्त भरलंस तर वेगात शेपूट हलायला लागतं, आणि एकदा हलायला लागलं की गाडी तू चालवत नाहीस, ते चालवतं. तेव्हा स्टिअरिंग झटकायचं नाही, करकचून ब्रेक दाबायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि गाडी सरळ धरून वेग मरू द्यायचा.

आमचे ट्रक मेळघाटातून सागाचे ओंडके घेऊन परतवाड्याच्या डेपोत उतरायचे, तेव्हा नव्या ड्रायव्हरला एकच दम असायचा: न्यूट्रल मारायचं नाही. डिझेल वाचवायच्या नादात उतारावर गिअर काढणाऱ्याला मी त्याच दिवशी खाली उतरवत असे. तूही ज्या गिअरमध्ये चढशील त्याच्याही खालच्या गिअरमध्ये उतर. इंजिन ओरडलं तरी ओरडू दे. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवलास तर लायनर तापतात, जळका वास येतो, मग पेडल मऊ लागतं, आणि त्यानंतर दाबूनही काही होत नाही. वास आला की थांबायचं, तापल्या चाकावर पाणी मारायचं नाही, आपोआप निवू द्यायचं. थांबलास की चाकांना दगड लाव, आणि निघताना ते दगड उचलून बाजूला टाक. घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेले हे दगड रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेतात. आपलं काम झालं की निघून जायचं, ही आपल्या लोकांची फार वाईट खोड आहे.

रिव्हर्स पुण्यातच शिकून ये. एखादं मोकळं मैदान गाठ, स्टिअरिंग खालच्या बाजूला धर. ज्या बाजूला ट्रॉली जायला हवी त्याच बाजूला हात न्यायचा. थोडं थोडं कर. सूनबाईला मागे उभं कर, पण तुला आरशात दिसेल अशी. ट्रकचा क्लीनर "येऊ दे, येऊ दे" म्हणतो आणि मग गप्प होतो, ते गप्प होणं धोक्याचं असतं. म्हणून "थांब" हाच शब्द मोठ्याने म्हणायचा, असं आधीच ठरवून घ्या.

येताना समृद्धीवरून कारंज्यापर्यंत ये, मग मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव. सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात. हवा थंड टायरमध्ये मोजायची आणि दर दोन तासांनी उतरून चारी बाजूंनी हात लावून बघायचं. कॅराव्हॅनचं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय समज. अंधार पडल्यावर दर्यापूरच्या पुढे येऊ नको. कापसाच्या गाड्या त्या दिवसांत दाटीने असतात आणि निम्म्यांना मागे लाल दिवा नसतो.

वर जागेचं मी बघतो. चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळाचं पर्यटक निवास आहे, खासगी रिसॉर्टही आता भरपूर झालेत. सपाट अंगण, विजेचा पॉइंट आणि सेप्टिक टँक, या तीन गोष्टी जिथं असतील तिथं पैसे मोजून दोन रात्री उभं राहायचं. देखाव्याच्या पॉइंटांवर, रस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या कोरकू आदिवासी गावाच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. पाण्याचं तर फारच जपून. उन्हाळ्यात या तालुक्यात गावोगावी टँकर येतात. हिवाळ्यात पाणी दिसलं म्हणून गावच्या हापशीवर पाइप लावून टाकी भरणं आपल्याला शोभत नाही. टाकी परतवाड्यातून अर्धीच भर, बाकी मुक्कामावर घे. आणि संडासाची टाकी मालकाला विचारून सेप्टिकमध्येच रिकामी करायची, तेही औषध बेताने घातलं असेल तर, कारण जास्त औषधाने सेप्टिकमधले जंतू मरतात. नाल्यात ओतलंस तर तो नाला कोणाच्या ना कोणाच्या पिण्याच्या पाण्यात जातोच. या डोंगरातलं पाणी सिपना, गडगा, खापरा करत शेवटी तापीला मिळतं.

थंडीचं अक्काला सांग. डिसेंबरात वर रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो. गोधड्या जास्त घ्या. पण कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही, आणि गॅस पेटता ठेवून ऊबही घ्यायची नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. एक खिडकी बोटभर उघडी राहिलीच पाहिजे. उरलेलं अन्न, खरकटं, केळीची सालं रात्री बाहेर नको. दिवसा माकडं येतात, रात्री अस्वलही फिरकू शकतं.

जंगल मोकळ्या हाताने बघ. सेमाडोहची सफारी वनखात्याकडून आधी नोंदवून ठेव, त्यांच्याच गाडीने, त्यांच्याच वाटाड्याबरोबर जा. वाटाडे बहुतेक कोरकू पोरं असतात, त्यांचे डोळे आपल्यासारखे नाहीत. पोरीला वाघ दाखवीन असं कबूल करू नकोस. मेळघाट म्हणजे ताडोबा नव्हे. डोंगर उभे, झाडी दाट, वाघ असतो पण दिसत नाही. रानगवा दिसला तर तोच मोठा. आणि वाटाड्याला रानपिंगळ्याचं विचार. हा एवढासा घुबडाच्या जातीचा पक्षी शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असं समजत होते. १९९७ साली तो शहाद्याच्या बाजूला सातपुड्यात सापडला आणि पुढे आपल्या मेळघाटातही. तो दिवसाही बसलेला दिसतो, त्यामुळे पोरीला दिसायची आशा वाघापेक्षा जास्त.

वर मोबाइलला रेंज असेल-नसेल. धारणी रस्त्याला तर नसतेच म्हण. कधी निघालो, कुठं जाणार, किती वाजता परत, हे दर वेळी मला सांगून जायचं. गाडीची इंधनाची टाकी परतवाड्यात भरायची. चिखलदऱ्याची कॉफी मामीसाठी पावशेर आण, ती इथल्या दुकानातल्या कॉफीला नावं ठेवते.

आता काट्याच्या दोन्ही पावत्यांचे फोटो मला पाठव, सोबत गाडीच्या पुस्तकातलं ते पान. आकडे पाहिल्याशिवाय मी वरच्या जागेचे पैसे भरणार नाही. अक्कासाठी खालची खोली रिकामी करून ठेवलीय, जिना चढायला नको. सूनबाईला आशीर्वाद, पोरीला गोड पापा.

तुझा,
मामा