कर्करोगानंतरची वाटचाल

दुखणाईत माणसाने स्वस्थ पडून राहावे, हा आपल्याकडील फार जुना समज आहे. ताप असताना किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना तो खराही असतो. परंतु कर्करोगाचे उपचार पुरे करून घरी परतलेल्या माणसाला हाच नियम महिनोन्‌महिने लावला, तर हिताऐवजी अहितच होते, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या गणेशगुडीच्या माणसाला या रोगाच्या उपचारांसाठी हुबळी, बेळगाव, बांबोळी किंवा थेट मुंबई गाठावी लागते. उपचार तेथे होतात. पुढचे आयुष्य मात्र येथे, आपल्या घरात जायचे असते. त्या आयुष्यासंबंधी घरातील मुलांनाही चार गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हा विषय आम्ही निवडला आहे.

प्रथम आमच्याच घरची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मावशीवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ केमोथेरपी व किरणोपचारही झाले. ती घरी आली तेव्हा तिला कोणत्याही कामाला हात लावू द्यायचा नाही, असे आम्ही सर्वांनी ठरविले. तिच्या हातची कळशी काढून घेतली, केरसुणीही काढून घेतली. ती उठू लागली की कोणीतरी म्हणे, "बस गे, कांय करूं नाका." बोलण्यात माया होती. तथापि सहा महिन्यांनी पडवीच्या चार पायऱ्या चढतानाही तिला धाप लागू लागली. रात्री झोप येईना, दिवसा कशात मन लागेना. रोग उलटला की काय, या भीतीने आम्ही तिला तपासणीस नेले. रोग उलटला नव्हता. डॉक्टरांनी विचारले, "दिवसभर काय करता?" मावशी म्हणाली, "कांय ना, बसून आसतां." डॉक्टर म्हणाले, "मग उद्यापासून चालायला लागा."

हे असे का व्हावे? तुमच्यापैकी कोणाचा हात मोडून प्लास्टरमध्ये राहिला असेल, तर प्लास्टर काढल्यावर तो हात किती बारीक झालेला असतो, हे त्याला आठवत असेल. जो स्नायू वापरला जात नाही, तो झडू लागतो. हृदय व फुप्फुसे यांचीही श्रम सोसण्याची शक्ती बसून राहिल्याने घटते. मग थोड्या कामानेही थकवा येतो. थकवा आला म्हणून माणूस अधिक बसतो, आणि अधिक बसल्यामुळे अधिक थकतो. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा मुळातच निराळा असतो. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाचा शीण रात्रीच्या झोपेने जातो. हा थकवा झोपेने जात नाही. बेताचा व नियमित व्यायाम हा त्यावरील चांगल्या उपायांपैकी एक आहे, हे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. व्यायामाने चिंता व खिन्नता कमी होते, आणि स्वतःची कामे स्वतः करण्याची शक्ती परत येते.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील शल्यचिकित्सक डॉ. नीता नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांसह योगाभ्यासाचा मोठा प्रयोग केला. सोपी आसने, प्राणायाम आणि मध्ये मध्ये विश्रांती असा त्याचा क्रम वैद्य, योगशिक्षक व फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून बसविला होता. त्याचे निष्कर्ष २०२२ साली अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील परिषदेत मांडले गेले. योगाभ्यास करणाऱ्या गटाची स्थिती अधिक चांगली असल्याचे त्यांत नमूद होते.

दुसरा प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. त्यांतील बहुतेक कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील होते. निम्म्यांना आरोग्याची माहिती देणारी पुस्तिका दिली. उरलेल्यांना पुस्तिका तर दिलीच, शिवाय तीन वर्षे व्यायामाचा मार्गदर्शकही दिला. तो त्यांना नियमाने भेटे, विचारपूस करी व उत्तेजन देई. आठ वर्षांनंतर पहिल्या गटातील शंभरांपैकी सुमारे ८३, तर दुसऱ्या गटातील सुमारे ९० जण हयात असल्याचे दिसले. व्यायाम करणाऱ्यांत स्नायू व सांधे दुखावण्याच्या तक्रारी काहीशा अधिक होत्या, हेही सांगितले पाहिजे.

या प्रयोगापासून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा की, दोन्ही गटांनी औषधोपचार पूर्ण घेतले होते. व्यायाम हा औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. दुसरा असा की, पुस्तिका दोघांच्याही हाती होती. फरक सोबतीमुळे पडला. काय करावे हे बहुतेकांना कळते, पण रोज उठून ते करण्यासाठी कोणीतरी बरोबर असावे लागते.

आता स्त्रियांच्या विशेष अडचणीविषयी. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील रसग्रंथी काढाव्या लागल्यास पुढे तो हात सुजण्याचा संभव असतो. म्हणून त्या हाताने जड काही उचलू नये, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. अमेरिकेत हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हातावर घट्ट बाही चढवून, हलक्या वजनापासून सुरुवात करून हळूहळू वजन वाढविले, तेव्हा सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. परंतु याचा अर्थ पहिल्याच दिवशी भरलेली घागर किंवा लाकडांची मोळी उचलावी असा मुळीच नव्हे. तांब्यापासून कळशीपर्यंत जाण्यास काही महिने लागावेत, आणि तेही डॉक्टरांना विचारूनच.

किती व्यायाम करावा? तज्ज्ञांनी २०१९ साली दिलेला सर्वसाधारण सल्ला असा : आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास भरभर चालण्यासारखा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती पुरे. ज्याला अर्धा तास झेपत नाही, त्याने पाच मिनिटांपासून आरंभ करावा. क्रिकेटपटू युवराजसिंग यांनी २०१२ साली कर्करोगाचे उपचार घेतले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते भारतीय संघातून पुन्हा खेळले. त्यांचे कौतुक करावे. पण घरच्या दुखणाइताला त्यांच्या मापाने मोजू नये.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांची संमती घ्यावी. रोग हाडांत पोहोचला असल्यास तर ती अत्यावश्यकच आहे. ताप, चक्कर, छातीत दुखणे, विश्रांतीतही लागणारी धाप किंवा नवी सूज दिसल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावे. काही औषधांनी पावले बधिर होतात. अशा माणसाने शेवाळलेल्या पायवाटेवर अनवाणी जाऊ नये. आपल्याकडे पाऊस लागला की रस्त्यावर फिरणे कठीण होते. अशा दिवसांत पडवीत येरझारा घालाव्यात, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे.

विद्यार्थी मित्रहो, येथेच तुमचे काम आहे. घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर "तुम्ही बसा" म्हणण्याऐवजी "चला, मी येतो" म्हणा. शाळेतून आल्यावर वीस मिनिटे त्यांच्याबरोबर चाला. त्यांच्या चालीने चाला, आपल्या नव्हे. भिंतीवरील कॅलेंडरवर प्रत्येक दिवसाची खूण करा.

आमच्या मावशीबरोबर तिची नात चालू लागली. पहिल्या दिवशी दोघी शेजारच्या फणसापर्यंत गेल्या व परतल्या. दोन महिन्यांनी त्या मोठ्या रस्त्यावरील वळणापर्यंत जाऊ लागल्या. त्या वर्षीच्या चवथीला मावशीने नेवऱ्या स्वतः लाटल्या. मध्ये दोनदा बसली, पण पाट कोणाला दिला नाही. जीवनाची प्रत सुधारणे म्हणजे काय, हे आम्हांला त्या दिवशी उमगले. मावशी अजूनही संध्याकाळी चालते. नात आता कॉलेजात गेली आहे, म्हणून सध्या आम्ही बरोबर जातो.