स्टिरिओस्कोपशिवाय टेकडी उठून दिसेल का?

प्रश्न : मी उस्मानिया विद्यापीठात भूगोल शिकते. पुस्तकात टेकडीच्या हवाई छायाचित्रांची जोडी आहे, पण घरी स्टिरिओस्कोप नाही. नुसत्या डोळ्यांनी उठाव दिसेल?
– एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : बहुतेकांना दिसतो. एकच झाड दोन्ही चित्रांत जिथे दिसतं, त्या दोन जागांमधलं अंतर मोजा. ते साडेसहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवं, कारण आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये साधारण तेवढंच अंतर असतं. पुस्तक नाकाशी धरा, नजर भिंतीपलीकडे पाहिल्यासारखी सैल सोडा आणि पान सावकाश दूर न्या. दोनाची तीन चित्रं होतील. मधल्यावर थांबा, धूसर असलं तरी घाई नको. ते स्पष्ट होताच टेकडी कागदातून वर येते. दोन्ही चित्रांच्या मध्ये पुठ्ठा उभा धरल्यास सोपं जातं.

मोठ्या चित्रांसाठी डोळे तिरळे करून पाहतात. डोळे आणि चित्रं यांच्या मध्ये पेन्सिलीचं टोक धरून त्यावर नजर रोखायची. मात्र चित्रांची अदलाबदल करा, नाहीतर टेकडीचा खड्डा होईल!

आपल्या गावातल्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात (एनआरएससी) दोन कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून उंची ओळखण्याच्या याच तत्त्वावर काम चालतं. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाचा एक कॅमेरा २६ अंश पुढे, दुसरा ५ अंश मागे पाहायचा. त्या जोड्यांवरून देशाचे उंचीचे नकाशे झाले. ही चित्रं पाहताना उपग्रहाच्या प्रवासाची दिशा आडवी येईल अशी फिरवून घ्या.

डोळे दुखले तर थांबा. वारंवार करूनही खोली जाणवली नाही, तर नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळे तपासून घ्या.